साक्षीदार कोर्टात काय सांगणार?

मृत्युपत्राविषयी या वेळी इतकी पत्रं आली की सगळं सदर त्यालाच दिलं आहे. कोणाला किती दिलं यावरून घरात भांडण होतं, हे खरं. पण कोर्टात वाद शेवटच्या पानाच्या तळाशी असलेल्या तीन सह्यांवर चालतो, आणि बहुतेक पत्रं त्याच जागेबद्दल आहेत. उत्तरांत जिथे वेगळं म्हटलेलं नाही तिथे हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन कुटुंबं गृहीत धरली आहेत. मुस्लिम मृत्युपत्राला खाली सांगितलेलं साक्षांकनाचं (साक्षीदारांनी रीतसर सह्या करण्याचं) कलम लागू नाही, त्याचे नियम वेगळे आहेत.

प्रश्न : वडिलांचं मृत्युपत्र रजिस्टर आहे. फोटो, अंगठे, शिक्के सगळं आहे. धाकट्या भावानं आता दावा लावलाय. दोन साक्षीदारांपैकी एक वारले. दुसरे आमचे शेजारी. ते म्हणतात, ‘मी सही केली ती कचेरीबाहेर टायपिस्टच्या टेबलावर, तुझे वडील तेव्हा आत नंबर लावून बसले होते.’ दस्त रजिस्टर झाल्यावर याला काही महत्त्व उरतं का? (सातारा)

उरतं, आणि तुमच्या दाव्यात हाच मुद्दा सगळ्यात अवघड जाणार आहे.

नोंदणीनं इतकंच सिद्ध होतं की अमुक तारखेला अमुक माणूस दुय्यम निबंधकासमोर आला आणि हा दस्त आपला आहे असं त्यानं कबूल केलं. मृत्युपत्र मुळात सक्तीनं नोंदवायचा दस्तच नाही. नोंदणी कायद्याच्या कलम १८ प्रमाणे ती ऐच्छिक आहे. साक्षांकनाची अट मात्र सक्तीची आहे, आणि ती आहे भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ मध्ये. मृत्युपत्र करणाऱ्यानं सही करायची किंवा अंगठा उठवायचा. किमान दोन साक्षीदार हवेत. प्रत्येकानं ती सही होताना पाहिलेली असावी, किंवा ‘ही माझीच सही’ असं करणाऱ्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. आणि प्रत्येक साक्षीदारानं स्वतःची सही मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष केलेली असावी. ‘समक्ष’ म्हणजे मनात आणलं तर त्याला ती सही होताना दिसू शकेल अशा ठिकाणी. वडील आत आणि शेजारी बाहेर, मध्ये भिंत, तर ही शेवटची अट मोडली.

तरी लगेच हातपाय गाळू नका. आधी दस्ताची प्रमाणित प्रत काढा आणि नोंदणीचे शेरे असलेली पानं नीट वाचा. मृत्युपत्रं पुस्तक क्रमांक ३ मध्ये नोंदवली जातात. करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याच्या प्रतिनिधीलाच मिळते. त्याच्या पश्चात ती कोणालाही मागता येते, मृत्यूचा दाखला जोडावा. त्या पानांवर ‘ओळखणार’ म्हणून दोन माणसांच्या सह्या असतात. बऱ्याचदा साक्षीदार आणि ओळखणार एकच असतात. शेजाऱ्यांनी बाहेर टेबलावर एक सही केली आणि नंतर आत, वडील समोर असताना दुसरी केली, असं घडलं असेल तर त्या दुसऱ्या सहीला किंमत येऊ शकते. अट एवढीच की वडिलांनी मृत्युपत्र कबूल केलेलं त्यांनी ऐकलं होतं आणि आपण नुसती ओळख देत नाही, मृत्युपत्राला साक्ष राहतो आहोत, या समजुतीनं सही केली होती. नुसती ओळख पटवण्यासाठी केलेली सही म्हणजे साक्षांकन नव्हे. सर्वोच्च न्यायालयानं १९६९ पासून हा फरक लावून धरला आहे.

दुय्यम निबंधकाच्या सहीचंही तसंच. तो साक्षीदार ठरू शकतो, पण आपोआप नाही. त्याला पिंजऱ्यात उभं करून करणाऱ्यानं कबुली दिली आणि मी त्याच्यासमोर सही केली, हे त्याच्या तोंडून यावं लागतं. व्यवहारात तो अधिकारी बदलून गेलेला किंवा निवृत्त झालेला असतो. रोज कित्येक दस्त हातावेगळे करणाऱ्याला तुमच्या वडिलांचा चेहरा आठवत नाही. ‘आमची पद्धत अशी आहे’ एवढंच तो सांगतो. ते अगदीच फुकट जात नाही, पण त्याच्यावर सगळी मदार ठेवू नये.

एक साक्षीदार वारले असल्यानं हयात असलेल्या शेजाऱ्यांना तपासणं तुम्हाला भाग आहे. त्यांना टाळून दुसऱ्याच पुराव्यावर मृत्युपत्र सिद्ध करता येत नाही. ते उलट बोलले किंवा ‘आठवत नाही’ म्हणाले, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ७० प्रमाणे (जुन्या कायद्यातलं कलम ७१) टायपिस्ट, वकील, तिथे हजर असलेलं आणखी कोणी, असा दुसरा पुरावा देता येतो. म्हणून आधी शेजाऱ्यांकडे शांतपणे बसून क्रम विचारा. टेबलावर कागद आला तेव्हा वडिलांची सही त्यावर होती का? वडील नंतर बाहेर आले का? आत गेल्यावर काय बोलणं झालं? साहेबांसमोर पुन्हा सही केली का? लोकांना त्या दिवसाचा एकच तुकडा आठवतो, बाकीचं विचारल्यावर सुचतं. पण त्यांच्या तोंडी घडलं नाही ते घालू नका. वकिलानं बसवून दिलेलं प्रतिज्ञापत्र उलटतपासणीत दुसऱ्या-तिसऱ्या प्रश्नाला उसवतं, आणि मग त्यांचं खरं बोलणंही कोणी मानत नाही.

प्रश्न : सासऱ्यांच्या मृत्युपत्राच्या दाव्यात आमचा साक्षीदार सरळ बोलला, सही ओळखली, तरी कोर्टानं मृत्युपत्र सिद्ध झालं नाही म्हणून निकाल दिला. असं कसं? (अहिल्यानगर)

तुम्ही पाठवलेली सरतपासणीच्या प्रतिज्ञापत्राची प्रत वाचली. चूक तिथेच आहे. त्यातलं कामाचं वाक्य एकच : ‘सदर मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून माझी सही आहे व ती मी ओळखतो.’ यातून सही कोणाची हे कळलं. सासऱ्यांनी सही केव्हा केली, ती या माणसानं पाहिली का, यानं सासऱ्यांसमोर सही केली का, दुसऱ्या साक्षीदाराचं काय, यातलं काहीच कोर्टासमोर आलं नाही.

मृत्युपत्र पुराव्यात वाचून घ्यायचं तर साक्षांकन करणाऱ्यांपैकी किमान एकाला तपासावं लागतं (नव्या साक्ष्य कायद्यात कलम ६७, जुन्यात ६८). एकाला तपासून भागतं, मात्र त्या एकानं दोघांचं साक्षांकन सांगायला हवं. २००२ च्या डिसेंबरातल्या जानकी नारायण भोईर निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच स्पष्ट केलं. त्या प्रकरणात तपासलेला साक्षीदार दुसऱ्याच्या सहीबद्दल काही सांगू शकला नाही. दुसरा साक्षीदार हयात होता, तरी त्याला बोलावलंच नव्हतं. दस्त लिहिणाऱ्याची साक्ष मदतीला आणली, ती चालली नाही. आधी उपलब्ध साक्षीदार संपवा, मग इतर पुरावा आणा, असा हा क्रम आहे.

तुमच्या साक्षीदाराकडून यायला हवं होतं ते साधारण असं : ‘अमुक तारखेला दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. ते बाहेरच्या खोलीत पलंगावर टेकून बसले होते. मजकूर त्यांना वाचून दाखवला, तो त्यांनी बरोबर असल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्यासमोर व दुसऱ्या साक्षीदारासमोर प्रत्येक पानावर आणि शेवटी सही केली. मग त्यांच्या समक्ष मी सही केली. त्यानंतर दुसऱ्या साक्षीदारानं त्यांच्या समक्ष सही केली, ती मी पाहिली.’ अर्थात, हे खरोखर घडलं असेल तरच. अपिलाची मुदत बघा, आणि दुसरा साक्षीदार हयात असेल तर अपिलात जादा पुराव्याचा अर्ज करता येईल का ते वकिलांना विचारा. आधी का आणला नाही, याचं कारण मात्र द्यावं लागेल आणि ‘राहून गेलं’ हे कारण सहसा चालत नाही.

प्रश्न : दोन साक्षीदारांनी वेगवेगळ्या दिवशी सह्या केल्या तर मृत्युपत्र बाद होतं का? (नाशिक)

नाही. दोघांनी एकाच वेळी हजर असलंच पाहिजे असं कलम ६३ म्हणत नाही. दुसरा साक्षीदार दोन दिवसांनी आला, आईनं त्याला ‘ही माझी सही’ असं सांगितलं आणि त्यानं तिच्यासमोर सही केली, तर ते पुरेसं आहे. अडचण पुढे येते. दोघं वेगळ्या वेळी आले की एकाला दुसऱ्याबद्दल सांगता येत नाही आणि दोघांनाही तपासावं लागतं. एकाच बैठकीत उरकावं म्हणतात ते यासाठी.

प्रश्न : माझे काका शिक्षक होते, आयुष्यभर सही करत आले. मृत्युपत्रावर मात्र अंगठा आहे. चुलतभाऊ म्हणतो हे बनावट. (कोल्हापूर)

अंगठा कायद्याला चालतो. प्रश्न ‘का’ हा आहे. सही येणाऱ्या माणसाचा अंगठा ही कोर्टाच्या भाषेत संशयास्पद परिस्थिती आहे, आणि १९५९ च्या व्यंकटाचल अय्यंगार निकालापासून नियम असा की ज्याला मृत्युपत्र लागू करून घ्यायचं आहे त्यानं असा प्रत्येक संशय दूर करायचा. समोरच्यानं खोटेपणा सिद्ध करायची वाट बघत बसायचं नाही. दडपण आणलं, फसवलं असा आरोप असेल तर तो मात्र आरोप करणाऱ्यानं सिद्ध करायचा असतो.

काकांना पक्षाघात होता असं तुम्ही लिहिता. मग दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड काढा, उजव्या हाताबद्दल त्यात काय लिहिलंय ते बघा, आणि त्याच महिन्यांत बँकेत किंवा पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर त्यांनी काय केलं होतं ते शोधा. तिथेही अंगठा असेल तर संशय बराचसा निवळतो. तिथे सही असेल तर मात्र अवघड आहे. अंगठ्याशेजारी ‘निशाणी, डाव्या हाताचा अंगठा’ असं लिहून त्याखाली ‘उजव्या हाताला पक्षाघात असल्यानं सही करता येत नाही’ ही एक ओळ टाकली असती, तर हा प्रश्न निघालाच नसता.

डॉक्टरांच्या दाखल्याबद्दलही तुम्ही विचारलंय. कायदा तो मागत नाही. ‘मानसिकदृष्ट्या सक्षम’ एवढं लेटरहेडवर लिहून दिलेला आणि डॉक्टर साक्षीला न आलेला दाखला फार उपयोगी पडत नाही. डॉक्टरांनाच साक्षीदार करता आलं तर उत्तम, पण त्यांनी साक्षीदाराच्या रकान्यात सही करावी आणि काकांची सही किंवा अंगठा स्वतः पाहिलेला असावा. नुसत्या दाखल्याखालची सही म्हणजे साक्षांकन होत नाही.

प्रश्न : आजोबांचं मृत्युपत्र १९८६ चं आहे. करणारा, दोन्ही साक्षीदार, लिहिणारा, सगळे गेले. तीस वर्षांपेक्षा जुना दस्त म्हणजे आपोआप खरा, असं आमचे एक नातेवाईक सांगतात. (पुणे)

तीस वर्षांच्या जुन्या दस्ताचं गृहीतक मृत्युपत्राच्या साक्षांकनाला लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं हे एकापेक्षा जास्त वेळा सांगितलंय, अगदी २०२३ मध्येही. तुमचा मार्ग नव्या साक्ष्य कायद्याचं कलम ६८ (जुनं ६९) आहे. साक्षीदार मिळण्यासारखा नसेल तर दोन गोष्टी सिद्ध करायच्या : किमान एका साक्षीदाराची सही त्याच्याच हातची आहे, आणि आजोबांची सही आजोबांच्याच हातची आहे. या कलमाखाली दोन्ही साक्षीदारांचं साक्षांकन सिद्ध करावं लागत नाही, एकाची सही पुरते, हे २०२० च्या एका निकालात स्पष्ट झालं आहे.

करायचं काय : दोघांचे मृत्यूचे दाखले काढा. मग साक्षीदाराची सही ओळखणारा माणूस शोधा. मुलगा, बायको, त्याच्याबरोबर सोसायटीत काम केलेला सहकारी चालेल. ‘मी त्यांना सही करताना अनेकदा पाहिलं आहे’ असं सांगता आलं पाहिजे. त्याच काळातली त्याची दुसरी सही असलेला निर्विवाद कागद सोबत ठेवा, जुनं खरेदीखत किंवा सोसायटीचं इतिवृत्त. साक्षीदार हयात आहे पण सापडत नाही, अशा वेळी नुसतं ‘सापडत नाही’ म्हणून भागत नाही. समन्स काढा, ते परत आल्याचा अहवाल रेकॉर्डवर येऊ द्या, गरज पडली तर पुढच्या सक्तीच्या उपायांसाठी अर्ज करा.

प्रश्न : आईनं मला फ्लॅट दिलाय आणि मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून माझ्याच बायकोची सही आहे. वकील म्हणतात चालतं, दुसरे वकील म्हणतात फ्लॅट गेला. (डोंबिवली)

दोघंही आपापल्या जागी बरोबर असतील. साक्षीदाराला किंवा त्याच्या पती-पत्नीला दिलेलं दान रद्द होतं हा नियम उत्तराधिकार कायद्याच्या कलम ६७ मध्ये आहे, पण हिंदूंना त्या कायद्यातली जी कलमं लागू होतात त्यांच्या यादीत (तिसरी अनुसूची) ६७ नाही. आई ख्रिश्चन किंवा पारशी असती तर फ्लॅट तुम्हाला मिळालाच नसता. हिंदू कुटुंबात तो जात नाही. मात्र उलटतपासणीत पहिला प्रश्न तुमच्या बायकोलाच येणार : ‘इतक्या मोठ्या सोसायटीत दुसरं कोणी सापडलं नाही का?’ दुसऱ्या साक्षीदाराचा फायद्याशी संबंध नसेल तर त्यालाही तपासा.

प्रश्न : वडिलांनी मृत्युपत्रात ‘ए विंग’ खोडून पेनानं ‘बी विंग’ लिहिलंय. बाजूला फक्त त्यांची सही आहे. (ठाणे)

ती दुरुस्ती चालत नाही. मृत्युपत्र पूर्ण झाल्यावर केलेल्या खाडाखोडीला मृत्युपत्राइतकंच साक्षांकन लागतं. समासात किंवा दुरुस्तीजवळ त्यांची आणि दोन साक्षीदारांची सही हवी होती. मूळ ‘ए’ वाचता येत असेल तर ‘ए’च धरलं जातं. वडिलांचा दुसरा फ्लॅटच नसेल आणि चूक उघड टंकलेखनाची असेल, तर वर्णनातली चूक म्हणून अर्थ लावून घेता येतो, दुरुस्ती म्हणून नाही. वडील हयात असते तर उत्तर सोपं होतं. पान नव्यानं टाइप करून मधे घुसवायचं नाही, पूर्ण मृत्युपत्र नव्यानं करायचं.

प्रश्न : भाऊ म्हणतो सहीच आईची नाही. हस्ताक्षरतज्ज्ञ नेमावा का? किती खात्री असते? (सांगली)

तज्ज्ञाचं मत हे मतच असतं. डोळ्यांनी पाहिलेल्या साक्षीदाराची साक्ष विश्वासार्ह असेल तर कोर्ट तिलाच जास्त वजन देतं. आधी साक्षीदार तपासा, तज्ज्ञ नंतर. नेमायचाच असेल तर नमुने नीट निवडा. झेरॉक्सवर केलेल्या तपासणीत फारसा दम नसतो, पेनाचा दाब आणि थांबे त्यात दिसत नाहीत. मूळ कागद कोर्टात जमा करून तिथूनच तपासणीला पाठवावा. तुलनेचे नमुने मृत्युपत्राच्या आधीच्या-नंतरच्या एखाद-दोन वर्षांतले घ्या. ऐंशीच्या आईची थरथरती सही तिच्या पन्नाशीतल्या खरेदीखतावरच्या सहीशी जुळणार नाहीच, आणि समोरचा वकील मुद्दाम तोच नमुना पुढे करणार. बँकेचं सहीचं कार्ड, लॉकरचं रजिस्टर, टपाल खात्याचे फॉर्म मागवा. सही थरथरती आहे, यावरून ती खोटी ठरत नाही. म्हाताऱ्या हाताची सही एकाच ओघात अगदी सफाईदार आलेली दिसली, तर उलट तीच पुन्हा बघावीशी वाटते.

प्रश्न : मृत्युपत्र पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर करून नोटरी केलंय. पुरेसं ना? (नागपूर)

स्टॅम्प पेपर लागतच नाही. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, साध्या कागदावर चालतं. नोटरीचा शिक्का दोन साक्षीदारांची जागा घेत नाही. खाली दोन साक्षीदारांच्या सह्या रीतसर असतील तर ठीक. नसतील तर पाचशे रुपये वाया गेले आणि मृत्युपत्रही.

प्रश्न : तलाठ्यानं मृत्युपत्रावरून फेरफार धरला, मंडळ अधिकाऱ्यांनी मंजूर केला. आता बहिणीचा दावा टिकेल का? (बारामती)

टिकेल. फेरफार महसुलासाठी असतो, त्यानं मालकी ठरत नाही. साक्षांकन खरं की खोटं हे मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार ठरवू शकत नाहीत, ते दिवाणी न्यायालयाचं काम. बहिणीनं फेरफाराविरुद्ध अपील केलं नाही म्हणून मृत्युपत्र तिला मान्य होतं, असंही धरून चालू नका.

प्रश्न : मला माझं मृत्युपत्र भांडण होणार नाही असं करायचंय. वय ७१. दोन मुलगे, एक मुलगी. मुलीला जास्त द्यायचंय. (चिपळूण)

भांडण होणारच नाही, याची हमी कोणी देऊ शकत नाही. भांडणाला जागा कमी ठेवता येते. मुलांना कमी मिळालं एवढ्यावरून मृत्युपत्र संशयास्पद होत नाही. वारसाहक्काचा नेहमीचा क्रम बदलायचा म्हणूनच तर माणूस मृत्युपत्र करतो, असं सर्वोच्च न्यायालयानंच म्हटलंय. पण कारण लिहा. दोनच ओळी : मुलांना घराला, शिक्षणाला काय दिलं आणि मुलीनं काय केलं. ‘नालायक’ वगैरे शब्द नकोत, ते वाचून मुलं हमखास कोर्टात जातात.

मजकूर तुम्हाला येणाऱ्या भाषेत, म्हणजे मराठीत. इंग्रजी मृत्युपत्र आणि इंग्रजी न येणारा करणारा, ही जोडी कोर्टात फार वेळा दिसते. मग ‘वाचून, समजावून कोणी सांगितलं’ हे सिद्ध करण्यात एक साक्षीदार खर्ची पडतो. पानांना ‘५ पैकी १’ असे क्रमांक द्या. शेवटच्या पानावर नुसत्या सह्या येऊ देऊ नका, मजकुराच्या निदान चार-पाच ओळी त्याच पानावर असाव्यात. कोऱ्या कागदावर सही घेऊन वर मजकूर छापला, हा आरोप सुटं सहीचं पान दिसलं की होतोच. एकदाच पिन मारा. पिनेची जास्तीची भोकंसुद्धा उलटतपासणीत मोजली जातात.

साक्षीदार तुमच्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान, पत्ता पक्का असलेले, फायदा नसलेले आणि कोर्टात उभं राहायला न घाबरणारे निवडा. ८० वर्षांचा मित्र प्रेमानं सही करेल, पण साक्षीच्या दिवशी तो नसेल. मुलीला त्या दिवशी घरात थांबवू नका. तिनं वकील ठरवला, तिनं गाडीतून नेलं, तिनंच साक्षीदार आणले, हे सगळं तिच्याविरुद्ध वाचलं जातं.

सहीची वेळ अशी घ्या. दोघं साक्षीदार आणि तुम्ही एका टेबलाला बसा. मजकूर मोठ्यानं वाचा. साक्षीदारांना आतला मजकूर कळलाच पाहिजे असं नाही. तो गुप्त ठेवायचा असेल तर स्वतः वाचा आणि ‘हे माझं मृत्युपत्र’ एवढं त्यांना सांगा. तारीख स्वतःच्या हातानं लिहा. प्रत्येक पानाच्या तळाशी सही करा, शेवटी पूर्ण सही. पानोपानी सही करायची सक्ती नाही, पण पान बदलल्याचा आरोप त्यानं बंद होतो. मग साक्षीदार एक, मग साक्षीदार दोन. तिघांनीही शेवटची सही होईपर्यंत उठायचं नाही, चहा नंतर. त्यांच्या सह्यांच्या वर ही ओळ छापलेली असू द्या : ‘वर नमूद व्यक्तीनं हे आपलं मृत्युपत्र असल्याचं सांगून आम्हा दोघांसमक्ष सही केली, व आम्ही तिच्या समक्ष आणि एकमेकांसमक्ष साक्षीदार म्हणून सह्या केल्या.’ खाली पूर्ण नाव, वय, पत्ता.

मोबाइलवर चित्रीकरण करायला हरकत नाही. ते साक्षांकनाची जागा घेत नाही, पण प्रकृती आणि बोलणं दाखवतं. कोर्टात द्यायचं तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली प्रत मूळ म्हणून चालणार नाही. नोंदणी जरूर करा, नोंदणी फी १०० रुपये आहे, वर हाताळणीचा थोडा खर्च. आणि नोंदणीला ओळखणार म्हणून हेच दोघं साक्षीदार न्या.

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. रत्नागिरीतल्या घराचं मृत्युपत्र इथेच करता येईल का? साक्षीदार भारतातून व्हिडिओ कॉलवर राहिले तर? (न्यू जर्सी)

तिथे करता येईल. भारतातल्या स्थावर मिळकतीला, तुम्ही कुठेही स्थायिक असा, भारताचा वारसाहक्काचा कायदा लागतो, म्हणून कलम ६३ पाळा : शाईची सही, दोन साक्षीदार, दोघं त्याच खोलीत. व्हिडिओ कॉलवरच्या साक्षीदारावर विसंबू नका. तो कागदावर सही करेल भारतात, आणि ती तुमच्या समक्ष झालेली नसेल. पुढे साक्ष देताना व्हिडिओ कॉन्फरन्सिंग मागता येतं, पण सही करतानाची सोय ती नव्हे. अधूनमधून भारतात येणारे दोन परिचित शोधा. रत्नागिरीच्या घरासाठी वेगळं मृत्युपत्र करणार असाल, तर अमेरिकेतल्या मिळकतीच्या मृत्युपत्रात ‘आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द’ हे ठरावीक वाक्य जसंच्या तसं घालू नका. त्या एका ओळीनं इकडचं मृत्युपत्रही पुसलं जातं.

प्रश्न : आम्ही मूळचे फोंड्याचे. वरचे नियम आम्हालाही लागू का? (पणजी)

नाही. तुम्हाला गोव्याचा २०१२ चा वारसाहक्क, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरीचा स्वतंत्र कायदा लागतो. तिथे सार्वजनिक मृत्युपत्र विशेष नोटरीसमोर, दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत, त्याच्या पुस्तकात नोंदवून होतं. मुलंबाळं असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव असते, तिला मृत्युपत्रानं हात लावता येत नाही. घरी टाइप केलेल्या, दोन शेजाऱ्यांच्या सह्या असलेल्या कागदावर गोव्यात विसंबू नका, विशेष नोटरीची वेळ घ्या.